टॉर्क पान्याचा ‘खट्’ आलाच नाही

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॉनेटपाशी पेट्रोलचा वास यायचा. चालू करून थोडं अंतर गेलं की वास नाहीसा. असा वास आल्यावर माणूस काय करतो? बॉनेट उघडतो, समोर दिसतील ते बोल्ट आणखी थोडे आवळतो आणि हात पुसतो. मीही तेच केलं. ही ‘आणखी थोडे’ची हौस पुढे चार दिवस पुरली.

आधी गाडीबद्दल. पेट्रोल इंजिन, जुन्या पद्धतीचं. म्हणजे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये नाही, तर त्याच्या अलीकडे इनटेकच्या तोंडाशी पेट्रोल फवारतात. चारही इंजेक्टरांच्या डोक्यावर एक आडवी नळी असते, ती फ्युएल रेल. ती दोन बोल्टांवर बसते आणि इंजेक्टर तिच्याखाली धरलेले राहतात. बोल्ट ६ मिलिमीटरचे, त्यांना १० ची गोटी (सॉकेट) लागते. हे बोल्ट ज्यात जातात तो मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणारा इनटेकचा भाग, मात्र ॲल्युमिनियमचा. पुढे तेच नडलं.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या पिळाला ‘खट्’ वाजवणारा पाना, माझ्याकडे होता. चाकांचे नट आवळायला घेतलेला, चौकोनी टोक अर्धा इंची, जवळजवळ हातभर लांब. त्याची पट्टी २८ पासून २१० न्यूटन मीटरपर्यंत (न्यूटन मीटर हे पिळाचं माप). दुरुस्तीच्या पुस्तकात रेलच्या बोल्टांपुढे आकडा होता ९. शेजारी त्याच मापाची आणखी दोन रूपं छापलेली: ९२ किलो-सेंटीमीटर आणि ८० इंच-पाउंड. (माझ्या एका मित्राने यातला ८० वाचला आणि फूट-पाउंडाच्या पट्टीवर पाना लावायला निघाला. ८० फूट-पाउंड म्हणजे १०८ न्यूटन मीटर. चाकाचे नट साधारण तेवढ्याला आवळतात.) मी ९ बरोबर वाचला, पण माझ्या पान्यावर ९ होताच कुठे! पट्टी २८ ला संपत होती आणि मूठ मात्र त्याखालीही दोन-तीन वेढे उलटी फिरत होती. एका वेढ्याला किती न्यूटन मीटर कमी होतात ते मोजलं, गुणाकार केला आणि नऊच्या आसपास आहे असं स्वतःला पटवलं.

हा गुणाकार साफ चुकीचा. पान्याच्या दांड्यात एक स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते आणि ठरलेल्या पिळाला आतला सांधा निसटून ‘खट्’ वाजतो. पट्टीच्या खाली गेलं की स्प्रिंग जवळपास मोकळी असते. खट् वाजलाच तर इतका मवाळ, की त्या जडशीळ दांड्यातून हाताला कळतच नाही. मी खट्ची वाट बघत ओढत राहिलो.

बोल्ट आधी घट्ट होत गेला. मग आणखी घट्ट. मग एका क्षणी तो मऊ झाला. ज्याच्या हातून कधी आटे गेलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. पाना फिरतोय, विरोध तेवढाच आहे किंवा कमी होतोय, आणि पोटात खड्डा. उलटा फिरवून बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत बारीक तार गुंडाळलेली. भोकातले आटेच बोल्टाबरोबर निघून आले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

नंतर वही घेऊन बसलो तेव्हा कळलं की ९ न्यूटन मीटर म्हणजे किती कमी. पान्याची मूठ बोल्टापासून ४५ सेंटीमीटरवर धरली तर तिथे फक्त २ किलोचा जोर पुरतो. पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली दांड्याच्या टोकाला अडकवावी, एवढाच. एवढ्या लांब दांड्यावर हात ठेवला की सहज पाच-सहा किलो पडतात आणि आपल्याला वाटतं, आपण हळूच धरलंय. बोल्टाला मात्र दोन किलोही पुष्कळ होतात. अंदाजे सूत्र लावलं तर ९ न्यूटन मीटरला ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण साडेसातशे किलोच्या ताकदीने आवळून धरतो. दोन किलो हाताचे, साडेसातशे बोल्टाचे. त्यातही आपल्या पिळाचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणून आट्यांना तेल लागलं असेल तर तोच आकडा खोटा ठरतो. घर्षण कमी झालं की उरलेला पीळ थेट ताणात जातो आणि पान्यावर ९ च दिसत असताना ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढलेला असू शकतो. पुस्तकाने तेल लावा म्हटलं नसेल तर आटे पुसून कोरडे ठेवायचे, हे तेव्हा कळलं. पहिल्या खेपेला मी ‘नीट बसावा’ म्हणून बोल्टाला तेल लावलं होतं, हेही कबूल करून टाकतो.

ओळखीतले एक काका आयुष्यभर इंजिनं उघडत आले आहेत. त्यांना फोन लावला. आटे कसे भरायचे ते विचारायचं होतं.

“वास कधी येतो?” त्यांनी विचारलं.

“सकाळी, काका. गाडी रात्रभर उभी असली की.”

“मग बोल्ट कशाला आवळलास? पेट्रोल काय बोल्टाखालून जातं?”

मी गप्प. कारण खरंच जात नाही. रेलचा कान, म्हणजे ज्यातून बोल्ट जातो तो भाग, धातूवर धातू टेकून बसतो. तो एकदा टेकला की बोल्ट कितीही आवळा, रेल केसभरही खाली जात नाही. पेट्रोल अडवतं ते इंजेक्टरच्या गळ्यातलं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग. ती भोकाच्या भिंतीवर आजूबाजूला दाबली जाऊन सील करते, वरून दाबून नव्हे. ओ-रिंग फाटली असेल तर बोल्टाचा काही संबंधच नाही. म्हणजे मी आटे घालवले ते एका अशा कामापायी, जे झालं असतं तरी वास गेला नसता.

मग रीतसर सुरुवात केली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि हवा उणे ४० अंशांच्या आसपास असली तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून गाडी उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड, अग्निशामक हाताशी, तारेचा दिवा नाही. लाइनमधला दाब आधी उतरवावा लागतो. गाडी चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप बंद पडलं, वर दोन-तीन सेकंद स्टार्टर मारला. मग बॅटरीचं ऋण टोक काढलं. या प्रकारच्या इंजिनात दाब ३ ते ४ बार असतो, टायरमधल्या हवेपेक्षा थोडा जास्त. तरी सांधा सोडताना भोवती कापड गुंडाळलंच, आणि त्यात चहाच्या कपाएवढं पेट्रोल आलंच. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनांत हाच दाब २०० बार किंवा त्याहून वर असतो आणि डिझेल कॉमन रेलमध्ये हजारांत. तिथली बारीक धारही कातडीतून आत घुसते. ते काम माझं नाही आणि या लिखाणाच्या भरवशावर कुणी करूही नये.

रेल उचलली. तिसऱ्या इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंगवर नखाच्या चंद्रासारखा एक काप. कधीतरी कुणीतरी ती कोरडीच ढकलून बसवली असणार. गाडी माझ्याकडे येण्याआधीची गोष्ट. सापडला एकदाचा वास.

आता भोक. तारेच्या वेटोळ्यांचं किट मिळतं. जुनं भोक थोडं मोठं करायचं, किटमधल्या टॅपने त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टेनलेस स्टीलचं स्प्रिंगसारखं वेटोळं त्यात फिरवून बसवायचं. मग मूळ मापाचाच बोल्ट त्यात बसतो, आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा पक्का. ड्रिल मारताना दोन भीती होत्या. एक, ड्रिल तिरकं जाण्याची. दुसरी, कीस इंजेक्टरच्या भोकातून इंजिनात पडण्याची. चारही भोकांत कापडाचे बोळे घट्ट बसवले आणि मोजून ठेवले, चार. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस त्यातच चिकटतो. दर दीड वेढ्याला टॅप बाहेर काढून पुसला. वेटोळं पृष्ठभागाच्या अर्धा वेढा खाली गेलं की थांबायचं आणि खालची आडवी शेंडी ठोकून तोडायची. ती शेंडी हरवू देऊ नका. चुंबकाने उचलता येईल म्हणून बसू नका, स्टेनलेस त्याला जेमतेम दाद देतं. मी लांब चोचीच्या पक्कडीने काढली. बोळे काढताना पुन्हा मोजले. चार.

मग लहान टॉर्क पाना घेतला, पाव इंची, ५ ते २५ न्यूटन मीटरचा. दुधाने तोंड पोळलेलं असल्याने त्याच्यावरही विश्वास नव्हता. त्याचं चौकोनी टोक शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये पकडलं, दांडा आडवा ठेवला आणि मुठीच्या मधोमध, टोकापासून २५ सेंटीमीटरवर, दोरीने छोटी बादली टांगली. पाना ९ वर लावलेला. पान्याचं स्वतःचं वजनही थोडा पीळ देतं, ते माझ्या हिशोबाने ०.६ न्यूटन मीटर निघालं. म्हणजे बादलीसकट साधारण ३ किलो ४३० ग्रॅमला खट् यायला हवा. भांड्याने पाणी ओतत गेलो. आला, खट्. बादली तोलून पाहिली, साडेतीन किलोला जरा कमी. चूक दोन टक्क्यांच्या आत. असे पाने चार टक्के इकडे-तिकडे चालतात, तेव्हा मी खूश. हे सगळं करायची खरं तर गरज नव्हती, पण केल्यावर रात्री झोप लागली.

बसवताना चारही इंजेक्टरांना वर-खाली नव्या ओ-रिंगा घातल्या. प्रत्येकीवर इंजिन ऑइलचा एक थेंब, बोटाने फिरवलेला. इंजेक्टर रेलमध्ये सरळ ढकलले, मग रेल हाताने दाबून बसवली. काकांनी इथे एक खूण सांगितली होती: बोल्ट बोटांनीच लावून ठेवायचे आणि प्रत्येक इंजेक्टर चिमटीत धरून थोडा फिरवून बघायचा. अडकत फिरला तर ओ-रिंग कुठेतरी चिमटली आहे, पुन्हा काढा. माझा पहिला अडकला. काढला, पाहिलं, रिंग खरोखर दुमडली होती. बदलली. बोल्टाने ओढून रेल बसवायला गेलो असतो तर हीसुद्धा कापली गेली असती.

मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने, आधी ५, मग ९. मूठ मधोमध धरून, हिसका न देता, एकसारखं ओढायचं. आवाज आला की तिथेच सोडायचं. ‘खात्रीसाठी’ पुन्हा एकदा खट् करायचा मोह होतो, पण दर वेळी बोल्ट थोडा पुढे सरकू शकतो. दुरुस्त केलेल्या भोकात बोल्ट घट्ट होताना मी श्वास रोखून धरला होता. या वेळी मऊ झाला नाही. खट्.

एक काम राहिलं होतं, तिथे पुन्हा गंमत. रेलला पेट्रोल आणणारा पाइप पोकळ बोल्टाने जोडलेला, ज्याला बॅनजो बोल्ट म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. इथे मात्र सील करतो तो बोल्टच. तांबं दबून दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचा भरून काढतं, म्हणून इथे कमी आवळलं तर खरंच गळतं. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, म्हणून वॉशर दर वेळी नवे. आकडा २९. माझा लहान पाना २५ ला संपतो. मोठा २८ ला सुरू होतो, आणि पट्टीच्या अगदी तळाशी कुठल्याच पान्यावर विसंबू नये हे मी शिकून बसलेलो. दोन टॉर्क पाने असून मधला शेजाऱ्याकडून मागून आणला. पाइप पिळला जाऊ नये म्हणून खालचा सांधा दुसऱ्या पान्याने धरून ठेवला आणि २९ ला आवळला.

फ्यूज लावला, बॅटरी जोडली. इंजिन लगेच चालू केलं नाही. चावी नुसती ‘ऑन’ला आणली, पंप दोन सेकंद घुमून थांबला. असं तीनदा, म्हणजे लाइनमध्ये दाब भरतो. टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरभोवती आणि बॅनजोभोवती कोरडा टिश्यू फिरवला. बारीक ओल डोळ्यांना दिसत नाही, पण कागदावर लगेच डाग पडतो. कागद कोरडा. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, आणि बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटपाशी नाक नेलं. काही नाही.

दोन्ही बोल्टांच्या डोक्यापासून रेलच्या कानापर्यंत पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली आहे. बोल्ट फिरला तर रेघ तुटेल. दुरुस्त केलेल्या भोकावरची रेघ पहिला महिनाभर मी रोज बघत होतो. आता तेल तपासताना नजर जाते तेवढीच.