अजून सीडी घेता?

आमच्या हॉलमधल्या कपाटाचं दार सैल आहे. पाहुणे टेकले की ते हळूच आपोआप उघडतं, आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "अजून सीडी घेता तुम्ही?" गेल्या महिन्यात पंखा दुरुस्त करायला आलेल्या मुलाने विचारलं, त्याच्या आधी मुलीच्या मैत्रिणीने. भाचा तर दर दिवाळीला न चुकता विचारतो. सीडी म्हणजे सिनेमा-नाटकांच्या व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे सगळंच. इंदुरात जे गोल आणि चकचकीत ते सीडी. या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात: कशाला घेता आणि मिळतात कुठे. सगळेच विचारतात म्हणून सांगते, पण 'कुठे' आधी, कारण त्यात गंमत जास्त आहे.

मी लग्न होऊन लोकमान्य नगरात आले तेव्हा, २००२-०३ च्या सुमाराला, इंदुरात मराठी सिनेमा थिएटरला लागायचा तो नवसाने. एखाद्या मंडळाने पुढाकार घेऊन रविवारी सकाळचा एक खेळ ठरवला तर ठरवला. नाटकांचं तेवढं बरं. 'सानंद' या इथल्या संस्थेमुळे पुण्या-मुंबईची नाटकं इथे येतात. पण ज्याला आपण गेलो नाही ते गेलंच. म्हणून आमच्याकडे व्यापार चालायचा. इकडून रात्रीच्या बसने कोथरूडच्या मावशीकडे लौंग शेव जायची, तिकडून त्याच पिशवीतून व्हीसीडी यायच्या. किलोभर शेवेला एक नाटक, असा साधारण भाव. मावशी शेव आवडली तर वर एक सिनेमाही घालायची.

व्हीसीडीत फार तर ७४ ते ८० मिनिटं मावतात. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा दोन डिस्कवर. मध्यंतर दिग्दर्शकाने कुठेही ठेवलेलं असो, आमचं मध्यंतर पहिली डिस्क संपेल तिथे. नायिका खुर्चीवरून उठून "तुम्हाला एक सांगायचं होतं" एवढं म्हणाली आणि पडदा निळा झाला, की सासरे सोफ्यावरून सांगायचे, "टाका चहा."

मग २००७ उजाडलं आणि भाव कोसळले. मोझर बेअर ही कोऱ्या सीड्या बनवणारी दिल्लीकडची कंपनी. तिने सिनेमांचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. तोवर अस्सल माल घ्यायचा तर खिसा चाचपावा लागे, म्हणून जो तो फुटपाथवरची चोरटी 'फाइव्ह इन वन' घ्यायचा. खोटं कशाला बोलू, आम्हीही घेतली आहे. एका डिस्कवर पाच सिनेमे, चित्र धुक्यातलं, आणि ऐन भांडणाच्या प्रसंगात थिएटरमधला कोणीतरी उठून पडद्यासमोरून बाहेर जाताना दिसायचा. २८ रुपयांत अस्सल मिळायला लागल्यावर आमच्या किराणावाल्यानेही बिस्किटांच्या वर सीड्या टांगल्या. मी तेव्हा तूरडाळ घ्यायला जाऊन तीन सिनेमे घेऊन आलेली आहे. तेव्हा घेतलेल्यांतले निम्मे आजतागायत लावलेले नाहीत, हेही आताच कबूल करते. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

आता सीडीचं दुकान म्हणावं असं एकही उरलेलं नाही. पण जेल रोडच्या एका गल्लीत मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस आहे. एकेकाळी त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेटी, मग सीड्या. त्या काळची खोकी अजून दुकानाच्या माळ्यावर पडून आहेत. मी दिसले की तो पोराला शिडीवर चढवतो. मराठी अक्षरं त्याला वाचता येतात, लिपी एकच, पण नावं डोक्यात राहत नाहीत. त्याने चित्रांवरून वर्गवारी केली आहे. "मैडम, वो लाल साड़ीवाली तो आप ले गईं. मूँछवाली पड़ी है, डिब्बा टूटा है उसका." मूँछवाली म्हणजे एक गंभीर सामाजिक नाटक निघालं. दहा रुपये.

दहा रुपयांची असली तरी मी तपासून घेते, आणि मागची गिऱ्हाइकं कंटाळतात. आधी पाठ बघायची. कारखान्यात छापलेली डिस्क रुपेरी असते. जांभळट झाक दिसली तर ती कोणीतरी घरी कॉम्प्युटरवर उतरवलेली, डब्यावरचं चित्र कितीही चकचकीत असो. मग मोबाइलचा टॉर्च लावून डिस्क त्याच्यासमोर धरायची. चाळणीतून यावा तसा टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला तर आतला ॲल्युमिनियमचा थर गेला, ठेवून द्यायची. शेवटी वरची बाजू, जिच्याकडे कोणीच बघत नाही. लोक खालच्या ओरखड्यांना घाबरतात, पण ते बहुधा चालून जातात. व्हीसीडीत माहिती वरच्या छपाईच्या लगेच खाली असते, मध्ये नुसता लाखेसारखा पातळ थर. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या, माहिती त्यांच्या मध्ये, म्हणून ती त्या मानाने सुरक्षित. मूँछवालीवर पूर्वीच्या मालकाने बॉलपेनने ठासून 'परत करणे' लिहिलं होतं. दुसऱ्या अंकात ती अडखळते ती तिथेच असणार.

दुसरा रस्ता जुन्या घरांचा. रामबागेत, नारायण बागेत वाडे पडताहेत, फ्लॅट उठताहेत, मुलं पुण्याला, बंगळुरूला, त्याहून लांब. फडताळं रिकामी करताना भांड्यांची वाटणी आधी होते, पुस्तकांना वाचनालय असतं, सीड्यांचं काय करायचं ते कोणाला कळत नाही. मग कोणीतरी माझं नाव सांगतं. पिशवीत लग्नाच्या, मुंजीच्या सीड्याही येतात, त्या मी परत पाठवते. त्या घरी उतरवलेल्या असल्यामुळे मरतातही आधी. त्यांच्यातली माहिती रंगाच्या थरात असते आणि तो थर उजेडाने, उन्हाळ्याने फिका पडतो. एका मुलीला तिच्या आजीचा आवाज ऐकायचा होता म्हणून मुंजीची एक सीडी आमच्या प्लेअरवर लावून बघितली. पंगत बसेपर्यंत चालली. जिलबी वाढायला आली आणि अडकली, ती अडकलीच.

तिसरा रस्ता परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगांचा, आणि त्यात मी सुरुवातीला फसले. दिराने न्यू जर्सीहून एका इंग्रजी मालिकेचा पूर्ण सीझन आणला. सगळे जमले, शेंगदाणे-चिवडा मांडला, आणि प्लेअरने रीजन चुकीचं असल्याचा निरोप दाखवून तोंड मिटलं. तेव्हा कळलं की कंपन्यांनी जग वाटून घेतलेलं आहे. डीव्हीडीसाठी अमेरिका १, युरोप आणि जपान २, आपण ५. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, ब्रिटन बी, आपण सी. फोर-के ब्लू-रेला हे बंधन नाही, पण तो प्लेअर आमच्या ऐपतीत बसत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाचदा बदलता येतं, मग ते कायमचं. माझे चार बदल झालेत. पाचवा मी राखून ठेवलाय, लोक मुदत ठेव ठेवतात तसा. न्यू जर्सीचा सीझन शेवटी महाराणी रोडवरून आणलेल्या एका बेनामी चिनी प्लेअरवर बघितला. तो बिचारा कुठल्याही देशाचं काहीही दाखवतो.

रीजन कुठलं ते डब्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. लोक पुढचा फोटो बघून घेतात, मी पाठ वाचून घेते. सबटायटल आहेत का, हे मी सगळ्यात आधी शोधते. माझी जाऊ रतलामची, हिंदीभाषी. मराठी तिला कळतं, पण नाटकातलं भरभर मराठी निसटतं. व्हीसीडीत सबटायटल चालू-बंद करायची सोयच नाही, डीव्हीडीत असते, म्हणून एकच सिनेमा दोन्ही रूपांत मिळाला तर मी डीव्हीडीचा डबा उचलते. मग कालावधी. सिनेमा अडीच तासांचा म्हणून माहीत असेल आणि डब्यावर दोन तास लिहिलं असेल, तर कोणीतरी गाणी खाल्ली आहेत. एवढं बघूनही काही कंपन्या चित्राच्या कोपऱ्यात आपला शिक्का सिनेमाभर ठेवतात. नायिका मरते आहे आणि तिच्या उशाशी टेलिफोन नंबर. याचा राग मला अजून येतो.

सहा मिनिटं कमी दिसली तर मात्र कात्री समजू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ ची. त्यामुळे बऱ्याच डिस्कवर सिनेमा चार टक्के वेगाने पळतो, १५० मिनिटांचा १४४ मध्ये संपतो. हे मला डब्याने नाही, नवऱ्याच्या पेटीने शिकवलं. तो डीव्हीडीवरच्या एका गाण्याबरोबर सूर धरायला बसला आणि स्वर सापडेना. काळी दाबली तर खाली, पांढरी दाबली तर वर, गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या फटीत. अर्धा तास त्याने पेटीला शिव्या घातल्या, मग ट्यूनरला फोन केला. पेटी ठीक होती, वेगाबरोबर गाण्याचा सूरच वर चढला होता.

आता 'कशाला'. जे सहज मोबाइलवर मिळतं ते मी घेत नाही, पैसे वर आलेले नाहीत. मी घेते ती तीन प्रकारची: मराठी नाटकांची चित्रणं, जी छापली त्या दोन-चार वर्षांत आणि पुन्हा कोणी छापली नाहीत, दूरदर्शनच्या काळातल्या मालिका, आणि दिग्दर्शक स्वतः सिनेमाभर शेजारी बसल्यासारखा बोलतो तो जादाचा आवाज असलेले परदेशी सिनेमे. मालिकांचं कारण माझ्या सासूबाईंनी दाखवलं. त्यांना एक जुनी मालिका ॲपवर लावून दिली. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "हिचा अंबाडा कुठं गेला गं?" खरंच नव्हता. ती मालिका चौकोनी टीव्हीसाठी काढलेली. रुंद पडदा भरायचा म्हणून कोणीतरी वरून-खालून कापली होती. अंबाडे गेले, खाली ताटातले पदार्थ गेले. डिस्कवर दोन बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, पण बाई अंबाड्यासकट येते. शिवाय डिस्कच्या रिमोटवर त्यांना एकच बटण दाबायचं असतं, त्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. ॲपवर त्या दर वेळी नव्याने पासवर्डच्या पाटीपाशी पोचतात.

तीच मालिका मग मी डिस्कवर शोधली. आठ डिस्कचा संच, वापरलेला, ऑनलाइन मिळाला. डबा सुरेख, आत कागदसुद्धा. पहिल्या आठवड्यात तीन डिस्क संपल्या, मग चौथी, आणि पुढची लावली तर पुन्हा चौथीच. एका खाचेत चौथी, पाचवीच्या खाचेतही चौथी. विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "डिस्क आठच आहेत, मोजून घ्या." मोजल्या. आठच होत्या. तेव्हापासून संच घेताना मी डबा बघत नाही, प्रत्येक डिस्कवरचा आकडा बोट ठेवून वाचते, आणि ऑनलाइन असेल तर सगळ्या एका फोटोत मांडून मागते. दोघांनी वैतागून विकायचंच नाकारलं.

सासूबाईंना त्याचं काही नाही. "पाचवीत फार काही होत नाही, पत्रं येतात-जातात. सहावी लाव," म्हणाल्या. त्यांनी ती टीव्हीवर लागली तेव्हाच बघितली आहे. मी बघितलेली नाही, तेव्हा मला परवानगी नव्हती, दहावीचं वर्ष होतं. त्यामुळे मला पत्रं हवी आहेत.

जादाची चौथी मी कागदात गुंडाळून वेगळी ठेवली आहे. माझ्या डब्यात दोन चौथ्या भरल्या गेल्या, तर त्याच दिवशी त्याच टेबलावर भरलेल्या दुसऱ्या एखाद्या डब्यात दोन पाचव्या असणार, आणि ते घर तिसरीनंतर अडलेलं असणार. जेल रोडवाल्याला सांगून ठेवलं आहे. तुमच्या पाहण्यात आलं तर मलाही सांगा. अदलाबदलीला मी तयार आहे, वर किलोभर शेव देईन.