फॉइल चिकटवली, तरी गुणगुण थांबेना

आवाज बदलणारी इफेक्ट सर्किटं एका डब्यात बसवायची, तर त्या डब्याच्या सांगाड्यात फारसं काही नाही. १२ मिमी प्लायच्या दोन बाजू, त्यांच्यामध्ये वर-खाली १५ बाय १५ मिमीच्या लाकडी पट्ट्या, आणि पट्ट्यांवर स्क्रूने बसणारी ३ मिमी एमडीएफची पॅनलं, प्रत्येक इफेक्टला एक. मापं मी युरोरॅकचीच (मॉड्युलर सिंथेसायझरच्या पॅनलांचं प्रमाण) धरली: उंची १२८.५ मिमी, रुंदी ५.०८ मिमीच्या पटीत (प्रत्यक्षात किंचित कमी, नाहीतर शेवटचं पॅनल शिरत नाही), वरच्या-खालच्या भोकांत १२२.५ मिमी. पट्ट्यांना आधीच भोकं पाडून ठेवू नका. प्रत्येक भोकाला थोडी थोडी चूक साठत जाते. पॅनल जागेवर धरा, खूण करा, मगच ड्रिल.

डोकं उठवलं ते शिल्डिंगने, म्हणजे बाहेरची खरखर अडवणाऱ्या धातूच्या आवरणाने.

एमडीएफ धातू नाही, म्हणून मागून ॲल्युमिनियम टेप लावायची, हे सगळेच सांगतात. तीन पट्ट्या, कडा एकमेकींवर ५ मिमी चढवलेल्या, दिसायला आरशासारखं. आणि डिस्टॉर्शनचा गेन वर नेला की घुंऽऽ. पॉटच्या (फिरवायच्या नॉबखालच्या भागाच्या) नटाला बोट लावलं की आवाज बदलतो. असं झालं की माणूस सर्किटला दोष देतो, पॉट बदलतो, जॅक बदलतो. मीही तेच केलं, आणि ते सगळं फुकट गेलं.

मल्टिमीटर कन्टिन्युइटीवर लावा. एकाच पट्टीच्या दोन टोकांना बीप येतो. एक प्रोब शेजारच्या पट्टीवर नेला की शांतता! साध्या ॲल्युमिनियम टेपचा गोंद वीज वाहू देत नाही. पट्टीवर पट्टी चढली, तरी मध्ये गोंदाचा थर उरतोच. ग्राउंडला जोडलेली पट्टी एकच. बाकीच्या दोन नुसत्या लटकलेल्या, आणि लटकलेली फॉइल आजूबाजूची खरखर उचलून सर्किटपर्यंत पोचवते. त्यापेक्षा ती नसलेली बरी.

टेपला डाग द्यायला जाऊ नका. ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडमुळे साधं सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. वरच्या पट्टीची कड १० मिमी खाली दुमडा, म्हणजे धातूवर धातू टेकेल, आणि त्या जोडावरून एम३ स्क्रू, दातेरी वॉशर आणि रिंग टर्मिनल आवळा. नुसत्या दुमडीवर विसंबू नका, काही दिवसांनी ती सैल पडते. टर्मिनलची वायर इनपुट जॅकच्या स्लीव्हला (ग्राउंडच्या टोकाला). मग टर्मिनलपासून फॉइलच्या चारही कोपऱ्यांपर्यंत रेझिस्टन्स मोजा. १ ओहमच्या वर गेला तर पुन्हा आवळा. वाहक गोंदाची तांब्याची टेप महाग पडते, पण तिच्यावर सोल्डर बसतं, जोडावर दोन-तीन ठिपके दिले की काम झालं. पॅनलं मोजकीच असतील तर मी तीच घेईन.

रंगवलेलं किंवा ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम पॅनल वापरलंत तरी हाच घोळ: वॉशरखालचा थर पॉलिश पेपरने घासून काढा. पॉटच्या पायांभोवती फॉइल ५ मिमी कापून ठेवा, नाहीतर गुणगुण जाईल आणि सिग्नलही जाईल. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मात्र चुंबकीय, ती फॉइलला जुमानत नाही. ॲडॅप्टर डब्याबाहेरच राहू द्या.

भोकं: पॉटला ७ मिमी, ६.३५ मिमी जॅकला १० मिमी. आधी ३ मिमीचं पायलट, मागे लाकडाचा ठोकळा, नाहीतर एमडीएफची मागची बाजू उडते. ३.५ मिमी जॅकचा आटा आखूड असतो, ३ मिमीच्या पॅनलवर नटाला धरायला जेमतेम जागा उरते. तिथे २ मिमी ॲल्युमिनियम घ्या.

पॉझिटिव्ह ग्राउंडचं जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा डिस्टॉर्शनसारखा इफेक्ट, ज्यात बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं) याच डब्यात घालणार असाल, तर त्याला वेगळी बॅटरी. बाकीच्यांच्या ॲडॅप्टरवर जोडलंत तर जॅकच्या स्लीव्हमधून थेट शॉर्ट.

आणि हे खरं तर आधी सांगायचं होतं: डब्याची खोली ठरवताना जॅकमध्ये प्लग खुपसून मोजा. प्लग आत गेला की उघड्या (आवरण नसलेल्या) जॅकची पाती बाहेरच्या बाजूला सरकते आणि नेमकी फॉइलला टेकते.