सही नाही, अंगठा

बुधवार, रात्रीचे पावणेबारा. पाऊस आहेच.

आज चेडवाचा, म्हणजे माझ्या तान्ह्या लेकीचा, पासपोर्ट आला. पोस्टमनदादा छत्री दांड्याला टेकवून ओट्यावर उभे राहिले, स्पीड पोस्टाचं पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "ह्या नावाचा ह्या घरात कोण नाय." आईने पाळण्याकडे बोट दाखवलं. दादांनी वाकून बघितलं. पाकीट तिच्याच हातात द्यायचं तर तिला उठवावं लागलं असतं. अर्ध्या तासापूर्वी कशीबशी झोपली होती. शेवटी माझी सही घेतली, माझ्या ओळखपत्राचा नंबर लिहून घेतला आणि चहा न घेताच गेले.

अठ्ठावन्न दिवसांची आहे ती. त्यातले निम्मे दिवस आम्ही तिचे कागद करत होतो, असं आता हिशेब करताना लक्षात येतं.

सुरुवात झाली भावापासून. बाळंत झाले त्या रात्री दवाखान्यात फॉर्म त्याने भरला. बिचाऱ्याने आदराने माझ्या नावामागे 'सौ.' लावलं, आणि आडनाव सासरचं. माझ्या पासपोर्टवर आडनाव अजून माहेरचंच आहे. पाच वर्षं बदलायचं बदलायचं म्हणतेय, राहूनच गेलं. दाखला हातात आला तेव्हा त्यावर आईचं नाव असं होतं की इंग्रजीत 'सौ' हेच माझं पहिलं नाव वाटावं. मी वाचून हसले आणि मग हसू थांबलं, कारण पासपोर्टला आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टासारखीच लागतात. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई मात्र देवमाणूस. म्हणाल्या, "हे रोजचंच आहे. 'सौ.'चे दाखले मी किती दुरुस्त केलेत." प्रतिज्ञापत्र, अर्ज, माझ्या पासपोर्टची झेरॉक्स, आणि दहा दिवस.

दुसरा घोळ नावाचा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, ती झालीच होती. पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर वर्षभरात घातलं तरी चालतं, त्याला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे एरवी कोणी घाई केली नसती. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण आत्या पुण्याहून येणार, तिला सुट्टी मिळेना, म्हणून ते पुढे ढकललं होतं. पासपोर्टच्या फॉर्मात मात्र नावाची चौकट रिकामी ठेवता येत नाही. म्हणजे आत्याने कानात 'कुर्र' करायच्या आधीच नाव सरकारदरबारी गेलं. आत्याला सांगितलंच नाही. बारशाला तिने अगदी गंभीर चेहऱ्याने पाळण्यात वाकून नाव सांगितलं तेव्हा मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत नव्हतो.

(आत्या हे वाचणार नाही. वाचलंच तर, सॉरी.)

मग जन्मस्थान. आपण म्हणतो वेंगुर्लं. पाटीवर कुठे वेंगुर्ले, कुठे वेंगुर्ला. इंग्रजीत शेवटी ए की ई? नवऱ्याच्या पासपोर्टवर ए, माझ्या शाळेच्या दाखल्यावर ई. जन्मदाखल्यावर जे असेल ते, असं ठरवलं आणि सोडून दिलं. २०२३ च्या १ ऑक्टोबरनंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दुसरा कुठलाही पुरावा चालत नाही, जन्मदाखलाच लागतो. म्हणजे त्या एका कागदावरची एकेक वेलांटी आता तिला आयुष्यभर पुरणार.

हे मी चेडवाच्या पणजीला समजावत होते तर ती म्हणाली, "माझी तारीख खंय होती गे?" तिची जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. गोवा सुटला त्या वर्षी तिचं लग्न झालं, तेव्हा ती सतरा-अठराची असावी, एवढंच. आधार कार्डावर १ जानेवारी आहे. गावातल्या तिच्या वयाच्या निम्म्या बायकांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो. केक मात्र कोणी कापत नाही.

नवरा मस्कतला. आई-वडील दोघांची संमती लागते, परिशिष्ट 'ड' वर दोघांच्या सह्या. बाप परदेशात असला की त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून हवं. ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपल्याकडे रविवार. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. आठवड्यातले चारच दिवस असे की दोन्हीकडची ऑफिसं उघडी. फोनवर आमची भांडणं झाली ती सगळी रविवारी, कारण तेव्हा तो कामावर आणि मी रिकामी.

फोटोचं मात्र लिहायलाच हवं.

चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो केंद्रात काढत नाहीत, आपण न्यायचा. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, चेहरा समोर, मागे कोणाचा हात दिसता कामा नये. फोटोवाला घरी आला. पलंगावर पांढरी चादर अंथरली, तिला त्यावर ठेवली, तो स्टुलावर चढून वरून बघतोय. आणि पणजी आली काजळाची डबी घेऊन.

"तीट लावल्याशिवाय चेडवाचो फोटो काढूचो नाय."

फोटोवाला म्हणाला, आजी, तीट दिसली तर ते परत पाठवतील. पणजी म्हणाली, पाठवू देत. मी म्हटलं, कानामागे लाव. तर कान फोटोत दिसणार, म्हणून तेही नाही. तोपर्यंत चेडू झोपली. तळपायाला गुदगुल्या केल्या, डोळे उघडले, तोंडही उघडलं. रडून रडून लाल. दूध पाजलं, परत झोपली. असं पावणेदोन तास. शेवटी पणजीने तळपायाला तीट लावली, मोठी, रुपयाएवढी. "सरकाराक पाय दिसात नाय ना?" नाही दिसत. मग एक फोटो मिळाला. त्यात ती छताकडे अशी बघतेय जणू घर गळतंय. (गळतच होतं, माजघरात.)

आणि अंगठा. सही नसते म्हणून ठसा, मुलग्याचा डावा, मुलीचा उजवा. तान्ह्या मुलाची मूठ तुम्ही उघडून बघा. एकेक बोट सोडवावं तर पहिलं परत मिटतं. आईने सांगितलं, अंगावर पिताना मूठ आपोआप सैल पडते. तसंच केलं. पदराखाली स्टँप पॅड घेऊन बसले. ठसा उठला मसुराच्या डाळीएवढा, रेषा एकही नाही. उरलेली शाई माझ्या ब्लाऊजला.

प्रत्यक्ष पासपोर्ट केंद्रात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. लहान मूल बघून पुढे घेतलं, कागद बघितले, फी नऊशे. एरवी हजार, आठ वर्षांखाली दहा टक्के सूट. आम्हा दोघांचे पासपोर्ट चालू असल्यामुळे पोलीस घरी आले नाहीत. पणजीने त्यांच्यासाठी लाडू करून ठेवले होते. भावाने संपवले.

आता पुढचं. जन्मदाखल्यावर आधी राज्य सरकारची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणूनचा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आणि ओमान २०१२ पासून, म्हणून आपलं तेवढ्यावर भागतं. वाडीतल्या एकीचा नवरा दुबईला, तिला वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागला होता. चुलतभाऊ परवा तुतारी एक्सप्रेसने मुंबईला जातोय, त्याच्याकडे मूळ दाखला देणार. पावसाळ्याच्या वेळापत्रकात गाडी आधीच हळू, त्यात दाखल्याला दोन प्लास्टिकच्या पिशव्या घालून दे, असं आईने चार वेळा सांगितलंय. मग मस्कतला व्हिसा, मग तिकीट. दोन वर्षांखालच्या मुलाला साधारण दहा टक्के भाडं, जागा माझ्या मांडीवर. चतुर्थी इथेच होईल असं दिसतंय. मला आतून बरंच वाटलं. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पणजीच्या हातात पासपोर्ट दिला. चष्मा लावून तिने फोटो बघितला, बराच वेळ. मग डबी उघडली आणि निळ्या कव्हरवरच्या प्लास्टिकवर, कोपऱ्यात, काजळाचं बोट टेकवलं. मी काही बोलले नाही.

उद्या सकाळी झेरॉक्स काढायच्यात, पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या, चार-चार. कव्हर काढून न्यायला हवं.