पाच ठिकाणी एकच शब्द

वकिलीची सनद घेऊन अंबाजोगाईला साहेबांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे बारावीपर्यंतचं मराठी माध्यम आणि पुढं एलएलबीच्या गाईडांवर पोसलेलं. एका निकालपत्रात 'इग्रीजस' (egregious) हा शब्द पहिल्यांदा भेटला. मी तो मोठ्यानं 'एग्रेगिअस' असा वाचला. साहेबांनी फाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "पहिला जी ग, दुसरा जी ज."

रात्री डिक्शनरीत बघितलं. अत्यंत वाईट, धक्कादायक. चला, म्हटलं, 'लई वाईट' म्हणायला एक वजनदार शब्द मिळाला.

आठवडाभरात तो वापरायची संधी आली. पीक विम्याचं प्रकरण होतं. सोयाबीन पाण्याखाली गेलेलं, शेतकऱ्यानं 72 तासांच्या आत कळवलेलं, तरी दावा नामंजूर. कंपनीला इंग्रजीत नोटीस द्यायची होती. मी दोन पानांत पाच ठिकाणी इग्रीजस घातला. सर्व्हेअर दोन दिवस उशिरा आला, तो उशीर इग्रीजस. फोन कुणी उचलेना, ती सेवा इग्रीजस. पंचनाम्याचं अक्षर लागेना, ते अक्षर इग्रीजस. पक्षकाराची हालतसुद्धा इग्रीजस. पाचवा पंचनाम्यावरच्या सहीला लावला होता, तोही केवळ लिहिण्याच्या भरात.

साहेबांनी पेन्सिल घेतली आणि चार खोडले.

"दोन दिवसांचा उशीर हा उशीर आहे, बाबा. त्याला एवढा मोठा शब्द लावलास तर खऱ्या गुन्ह्याला काय लावशील? अक्षर घाणेरडं असतं. आणि ह्या माणसाची हालत वाईट आहे, पण ती काय त्यानं केलेली आगळीक आहे का?"

माझा गोंधळ इथंच होता. हा शब्द नुसत्या वाईटाला लागत नाही. पावसाला नाही, जेवणाला नाही, दुःखाला तर नाहीच. कुणीतरी केलेली चूक, मोडलेला नियम, अधिकाराचा गैरवापर, आणि तोही असा की दहा जणांत लगेच डोळ्यांत भरावा, तिथं तो बसतो.

पाचवा त्यांनी का ठेवला, ते पक्षकार आल्यावर उमगलं. पंचनाम्यावर 'शेतकरी हजर' असं लिहून खाली झोकदार, वळणदार सही होती. पक्षकारानं कागद उलटासुलटा करून बघितला. "साह्यब, म्या तं अंगठेबहाद्दर. मला सही येतीय कुठं?"

तो हसत म्हणाला, पण माझ्या डोक्यात 'बहाद्दर' अडकला. शब्द कौतुकाचा, वापर नेमका उलटा. आपल्याकडं पोरगं वाया गेलं की 'दिवटे चिरंजीव', कुणी घोळ घातला की 'काय पराक्रम केलात' किंवा 'चांगला उजेड पाडलात'. इग्रीजसची जन्मकथा अगदी हीच निघाली. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप, आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. कळपातून उठून दिसणारा तो इग्रीजस, म्हणजे नामांकित, थोर. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तो ह्याच अर्थानं, आणि त्याच शतकात लोक तो टोमण्यानं वापरायला लागले. पुढं टोमणा तेवढा उरला, कौतुक गळून गेलं. इटालियनमध्ये मात्र अजून पत्राच्या मायन्यात 'एग्रेजो' लिहितात, आपल्या 'माननीय'सारखं. कळपाचं हेच मूळ 'सेग्रिगेट' आणि 'अ‍ॅग्रिगेट'मध्येही आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करताना आपण लॅटिन मेंढरंच हाकत असतो म्हणायची.

मग मी मराठीत त्याला प्रतिशब्द शोधायला बसलो आणि एकही धड सापडला नाही. सापडले ते चार-पाच, आणि प्रत्येकाची सोयरीक वेगळी. चूक असेल तर घोडचूक. खोटं असेल तर धडधडीत. अन्याय ढळढळीत, लूट राजरोस, हलगर्जीपणा अक्षम्य. 'राजरोस चूक' कुणी म्हणत नाही. इंग्रजीवाल्यांचं ह्या सगळ्यांत एका शब्दावर भागतं. त्यांची सोय म्हणावी की आळस, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तेव्हापासून वहीत एकटा शब्द लिहायचं सोडलं. शेजारचं नाम धरूनच लिहितो.

नोटीस पुन्हा लिहिली. पहिलं पान अगदी कोरडं : तारखा, क्षेत्र, पॉलिसी. दुसऱ्या पानावर सहीचा मुद्दा, आणि तिथं एकदाच इग्रीजस. वाचताना खरंच ठेच लागत होती.

पक्षकारानं विचारलं, "ह्या शब्दानं पैसे भेटतेन का?" साहेब म्हणाले, "शब्दानं नाही, तुमच्या अंगठ्यानं."

महिन्याभरानं कंपनीचं उत्तर आलं. सहीचा प्रकार 'इनॅडव्हर्टंट एरर' होता म्हणे, म्हणजे अनवधानानं झालेला. पक्षकाराच्या नावची अख्खी सही, अनवधानानं! साहेबांनी त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"वही काढ."