रात्रभर रिले, मग झोपता कधी?

डोंगरवाटांवर आळीपाळीने पळायची रिले, आठ जणांची टीम, चोवीस तास, डोंगरात तंबू, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग झोपता कधी?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो. ते तुमचा नंबर कितवा यावर आहे.

अमेरिकेतल्या रॅगनर ट्रेल रिलेचा साचा असा: मधोमध तळ आणि तिथूनच निघून तिथेच परत येणाऱ्या तीन वाटा. हिरवी सोपी, पिवळी मधली, लाल अवघड. एका वेळी टीमचा एकच माणूस वाटेवर, आणि प्रत्येकाने तिन्ही वाटा एकेकदा करायच्या. एकूण २४ फेऱ्या, क्रम कायम हिरवी-पिवळी-लाल. आठाला तिनाने भागलं की बाकी दोन उरते, म्हणून दर खेपेला वेगळी वाट आपोआप वाट्याला येते. कर्जत-मुरबाडकडे मित्रामित्रांत हाच बेत करताना सहा जण घेतलेत, तर तिसऱ्या नंबरचा बिचारा प्रत्येक वेळी लालच पळेल.

आता वेळ मांडू. हिरवी ४० मिनिटं, पिवळी ५५, लाल ८५. सुरुवात सकाळी दहाला. दुसऱ्या नंबरला लाल वाट येते पहाटे २:३५ ला, म्हणजे शरीर सगळ्यात जड असतं तेव्हा. तिथे टीममधला सगळ्यात खमका माणूस हवा, सगळ्यात वेगवान असलाच पाहिजे असं नाही. नवख्याला आठवा नंबर द्या: दुपारी ४:४० ला पिवळी, रात्री एकला हिरवी, सकाळी ८:३५ ला लाल. पूर्ण अंधारातली त्याची एकच फेरी, तीही सोपी. झोपेची चैन सहाव्याची. तो ११:३५ ला परतला की सकाळी सातपर्यंत मोकळा. पहिल्याला संध्याकाळी सात ते १:४० एवढा वेळ मिळतो खरा, पण तेव्हा तळावर जेवणं आणि गप्पा ऐन रंगात असतात. त्याने कानात बोळे घालून, तंबू पळणारे बदलतात त्या जागेपासून लांब लावावा. अंधारात सगळ्यांचा वेग घसरतो, तेव्हा मध्यरात्रीनंतरच्या वेळा जरा पुढे सरकतील असं धरूनच चाला.

दोन फेऱ्यांमधल्या या साधारण सात मोकळ्या तासांतले कोरडे कपडे, खाणं आणि पुढची तयारी यांत दोन सहज जातात. परत आल्यावर ओला टी-शर्ट आधी बदला, गप्पा नंतर. डिसेंबरात कर्जतच्या बाजूला पहाटे जी थंडी पडते तिची मुंबईकराला सवय नसते, आणि घाम अंगावर वाळला की स्लीपिंग बॅगेतही हुडहुडी जात नाही.

उठवायचं कोणी, हे आधी ठरवा. सोपा नियम: जो परत आला, त्याने बिबचा (टीमचा नंबर लावायचा) पट्टा पुढच्याच्या हाती दिला की त्याच्याही पुढच्याला हलवून जागं करायचं. त्याला निदान ४० मिनिटं मिळतात. सह्याद्रीच्या दऱ्यांत रेंज भरवशाची नसते, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. आणि अंधारात सगळे तंबू सारखेच दिसतात. दाराला रंगीत फीत बांधली नाही तर भलत्याच टीमचा माणूस उठतो आणि आपला घोरत राहतो.

हेडलॅम्प दोनशे-तीनशे ल्यूमेनचा पुरतो, पण दिवे दोन घ्या. कपाळावरचा प्रकाश नजरेच्याच रेषेत पडतो, सावल्या दडतात आणि घसाऱ्यातला दगड सपाट दिसतो. दुसरा दिवा कमरेला लावला की खळगे उठून दिसतात. फुरसं हा विषारी साप मातीत मिसळून जातो, त्यामुळे पाय टाकण्याआधी नजर तिथे गेलीच पाहिजे. तळाजवळचं सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

खाण्यात प्रयोग नकोत. उकडलेला बटाटा-मीठ, केळं, राजगिऱ्याचा लाडू, मऊ खिचडी. पण फेरीच्या आधीच्या दोन तासांत पोटभर नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणारे बरेच असतात. ते पाणी दुप्पट तीव्र होतं आणि चढावर मळमळतं.

सरावासाठी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सकाळी उत्तम, रात्री तिथे प्रवेश नाही. चढासाठी नेरळहून माथेरान. पण खरी तयारी म्हणजे चोवीस तासांत तीनदा पळणं: शनिवारी सकाळी सात किलोमीटर, संध्याकाळी पाच, रविवारी उजाडायच्या आत पुन्हा सहा. तिसऱ्या वेळी मांड्या दगड झालेल्या असतात, आणि तरी पळायचं कसं हे मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर एकदाच २१ किलोमीटर पळून कळत नाही.

परतताना गाडी टीममधल्या कोणीही चालवायची नाही, "मी फ्रेश आहे" म्हणणाऱ्याने तर मुळीच नाही. ड्रायव्हर ठरवा, नाहीतर कर्जतहून सुटणारी लोकल पकडा; बसायला जागा मिळते.