‘आता बंद कर ते’

कॅसेट आधी नीट वाजेचना. फीत हेडवर दाबून धरणारी फेल्टची इवलीशी गादी गोंद सुकून गळून पडली होती. कवच उघडून दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली, डेकच्या हेडचा कोन जुळवला, तेव्हा कुठे घोंगडीआडून आल्यासारखा वाटणारा बाईंचा आवाज मोकळा झाला.

मी ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात काम करते. एका कामगार वस्तीनं आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती पूर्वी टेप करून ठेवल्या होत्या. त्या जतन करायच्या आणि सगळ्यांना ऐकायला खुल्या करायच्या, असं ठरलं होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला नव्वद मिनिटं लागतात, तिथे घाई चालत नाही. आम्ही ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची, म्हणजे आवाजाचा बारीक तपशील जपणारी वेव्ह फाइल करतो. तासाभराच्या स्टिरिओ आवाजाला साधारण २ जीबी जागा जाते. एमपी३ का नाही, असं लोक विचारतात. एमपी३ फाइल लहान होते, पण आवाजातला काही तपशील कायमचा गळतो, आणि फीत पुन्हा वाजेलच याची खात्री नसते, म्हणून. चालू स्थितीतले डेकही कमी होत चाललेत.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बाई संपाबद्दल बोलत होत्या. कुणाच्या घरी सभा व्हायच्या, कुणी कुणाला उसनं दिलं. मग एका माणसाचं नाव आलं. ‘त्यानंच मालकाला आमची नावं दिली.’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘आता बंद कर ते.’ मुलाखत घेणारा ‘हो’ म्हणाला आणि त्यानं टेप चालूच ठेवली. पंचाईत अशी, की अख्ख्या मुलाखतीत बाई सर्वांत मोकळेपणानं तिथून पुढेच बोलल्यात.

सोबत सहीचा कागद होता: इतिहासाच्या कामासाठी वापरायला हरकत नाही. सही केली तेव्हा कॅसेट कपाटात राहायची आणि ऐकायची तर कुणाला तरी येऊन मागावी लागायची. आता नाव टाइप केलं की ते वाक्य कुणाच्याही फोनवर वाजणार होतं.

दुपारी बाईंची मुलगी आणि वस्तीच्या समितीतले काही जण ऐकायला आले. ऐकून झाल्यावर मुलगी म्हणाली, ‘आई एवढंच मनातलं बोलली. तेच काढलंत तर ठेवलंत काय?’ समितीतले एक आजोबा म्हणाले, ‘ताई, त्याची नातवंडं आपल्यातच राहतात. आणि त्याची बाजू कुणी विचारली होती का?’ दोघांचंही खरं होतं. नावावर बीप टाका, असं एका तरुणानं सुचवलं. मी नको म्हटलं. छोट्या वस्तीत बीप ऐकून लोक नाव ओळखतातच, वर कुतूहल वाढतं ते वेगळंच.

माझं मत स्पष्ट होतं. बंद कर म्हटल्यावर तिथून पुढची संमती संपली. मुलाखतकाराची हुशारी ती परत आणू शकत नाही. पण म्हणून पुसून टाकायचं नाही. मूळ फाइल अखंड ठेवली, गुपचूप कुणी फेरफार केला तर कळावा म्हणून तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधून काढलेला पडताळणीचा आकडा, नोंदवला. खुल्या प्रतीत तो भाग नाही, आणि तो का नाही हे शब्दांकनात उघड लिहिलंय. पूर्ण मुलाखत वस्तीच्या केंद्रात, मुलीच्या आणि समितीच्या परवानगीनं बसून ऐकता येईल. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु समाजासोबत घडवलेली ‘मुकुर्तु’ ही डिजिटल संग्रहांसाठीची मुक्त (ओपन सोर्स) संगणकप्रणाली याच तत्त्वावर चालते: कुणी काय पाहावं, ऐकावं, हे ज्यांचा वारसा ते ठरवतात. आमचे बहुतेक कॅटलॉग अजून ‘खुलं’ आणि ‘बंद’ यापलीकडे जात नाहीत, हे मला खटकतं.

मुलीनं नाराजीनंच सही केली. मग घरी ठेवायला पूर्ण प्रत मागितली. ‘एकदा पेन ड्राइव्ह बाहेर गेला की आपल्या हातात काही राहत नाही,’ आजोबा म्हणाले. नियमात याचं उत्तर नव्हतं. मी प्रत दिली आणि त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत नोंदवहीत उतरवला.