दुसरे इंजिन का बसवत नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून

दारात झाकून ठेवलेली गाडी पाहिली की विचारणा होतेच: एका सिलिंडर हेडसाठी, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासाठी, 14 महिने कशाला घालवलेत? दुसरे इंजिन बसवून मोकळे का होत नाही? आजवर मी विषय बदलत आलो. आज नीट सांगतो.

माझी फियाट 1971 ची, इंजिन 1089 सीसीचे. ती वडिलोपार्जित नाही, 2009 साली मी स्वतः घेतली. तेव्हा जुन्या आठवणींपायी हा आटापिटा चालला आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. हिचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि हेड ॲल्युमिनियमचे. बोरघाटात वॉटर पंप गळाला, गाडी तापली, दोहोंमधला सांधा बंद ठेवणारी गॅस्केट उडाली आणि हेड वाकले. फेसिंग करताना, म्हणजे हेडचा तळ तासून सपाट करताना, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही (व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतो त्या लोखंडी कड्या) बदलाव्या लागणार, असे निघाले. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून सीटची कडी भोकापेक्षा किंचित मोठी घ्यायची, हेड भट्टीत गरम करायचे, कडी थंड करायची आणि मग दाबून बसवायची. कारागीर म्हणाले, "साहेब, माझ्याकडच्या कड्या सैल पडतील. दोन दिवस द्या, नव्या कातून देतो." मला शुक्रवारी साताऱ्याला लग्नाला याच गाडीने जायचे होते. मी म्हणालो, "आहेत त्याच ठोकून बसवा."

त्यांनी बसवल्या. खंबाटकी चढताना बॉनेटखाली कोणी घण घालावा तसा आवाज सुरू झाला आणि गाडी बंद पडली. हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या जागी छिन्नीने टोचल्यासारखे खड्डे होते, व्हॉल्व्ह वाकला होता आणि निसटलेल्या कडीचे दोन तुकडे पिस्टनवर पडले होते. वर्षभर मी सर्वांना सांगत राहिलो की कारागिराने काम बिघडवले. ते खोटे होते. त्यांनी बजावले होते.

मग शोध सुरू झाला. मुंबईत या गाड्या टॅक्सी म्हणून धावत होत्या तोवर ऑपेरा हाऊसच्या दुकानांत हवा तो भाग मिळे. तेव्हा दोन कड्या आणि एक हेड घेऊन ठेवण्याची बुद्धी मला झाली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या भंगारात मिळालेले पहिले हेड धुऊन लख्ख केलेले होते. गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासले तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मधून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. केसाएवढी चीर होती. दुसऱ्याला इतक्या वेळा फेस मारलेला होता की आणखी काढण्याजोगा धातूच उरला नव्हता.

पन्नास वर्षांपुढील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर 2021 च्या नियमांनुसार ती मूळ रूपात असावी लागते, इंजिनासह. हे कारण मी पुढे करतो आणि ते खरेही आहे; मात्र हा नियम मला शोध सुरू केल्यानंतर कळला. बॉनेटखाली काय आहे ते कोण बघतो, असे पूर्वी मीच म्हणत असे, आणि त्या म्हणण्याला आजही माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच ठाऊक आहे की हे हेड माझ्या घाईने गेले आणि त्याच जातीचे हेड बसवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिसरे हेड त्याच कारागिरांकडे आहे. कड्या कातायला त्यांनी दोन दिवस मागितले; मी आठ दिले.